ध्रुवाचे वजन, मायराचे शेपूट

सावत्र आईच्या बोलण्याने दुखावलेला बालक ध्रुव तपश्चर्येला बसला आणि त्याला आकाशात अढळपद मिळाले, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लग्नविधीत वधूवरांना ध्रुवदर्शन घडवतात तेही याच अढळपणाची आठवण म्हणून. आकाशातील ध्रुवतारा मात्र तितकासा स्थिर नाही. सुमारे चार दिवसांच्या ठेक्यात तो फुगतो आणि आकसतो, त्याबरोबर त्याचे तेज किंचित वाढते आणि कमी होते. हा फरक इतका अल्प असतो की, नुसत्या डोळ्यांना तो जाणवत नाही. अचूक उपकरणे मात्र ही धडधड गेली शंभराहून अधिक वर्षे नोंदवीत आहेत.

अशा ताऱ्यांना खगोलशास्त्रात स्पंदनशील रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्याविषयी दोन साधे प्रश्न विचारता येतात. या ताऱ्यांचे वजन, म्हणजे शास्त्रीय भाषेत वस्तुमान, किती? आणि जन्माला आले तेव्हा ते तेवढेच होते का? पहिल्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक दशके झुलवत ठेवले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे लक्षात आले की, यांपैकी अनेक तारे आपले वस्तुमान वाऱ्यावर उधळत आहेत. ताऱ्याचा शेवट शांतपणे होणार की स्फोटाने, हे ठरण्यात या उधळणीचा फार मोठा वाटा असतो. आपल्या सूर्याचे आणि पृथ्वीचे भवितव्यही तिच्याशी बांधलेले आहे.

तारा तोलायचा कसा?

ताऱ्याचे तेज मोजता येते, वर्णपटावरून तापमान काढता येते, अंतर कळले तर आकारही सांगता येतो. वस्तुमान मात्र सहजी हाती लागत नाही. त्याचा प्रत्यक्ष पुरावा एकच, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. एखाद्या ताऱ्याला जोडीदार असेल आणि दोघे एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांच्या कक्षेचा आकार आणि एका फेरीस लागणारा वेळ यांवरून न्यूटनच्या नियमाने दोघांचे वस्तुमान काढता येते. हा सर्वांत विश्वासार्ह तराजू होय. परंतु एकट्या ताऱ्यासाठी तो निरुपयोगी ठरतो.

स्पंदनशील ताऱ्यांनी शास्त्रज्ञांना आणखी एक तराजू दिला. घंटा लहान असेल तर तिचा नाद उंच आणि मोठी असेल तर खर्जातला, हे आपण जाणतो. ताऱ्याच्या बाबतीत हा ठेका त्याच्या सरासरी घनतेवर अवलंबून असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट रिटर यांनी १८७९ साली गणिताने दाखवले. घनता एक चतुर्थांश झाली की आवर्तनकाल दुप्पट होतो. सूर्यासारखा दाट तारा संपूर्णपणे फुगू-आकसू लागला, तर त्याचे एक आवर्तन साधारण तासाभरात पुरे होईल. विरळ आणि अवाढव्य ताऱ्यांना त्यासाठी दिवस किंवा महिने लागतात. म्हणजेच आवर्तनकालावरून घनता कळते आणि आकार ठाऊक असेल तर वस्तुमानही कळते. याला स्पंदन-वस्तुमान म्हणू.

तिसरा तराजू सिद्धांताचा. तारा जितका वजनदार तितका तो अधिक तेजस्वी, हे ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे गणित सांगते. म्हणून ताऱ्याचे तेज मोजून, एवढे तेज किती वस्तुमानाचा तारा देऊ शकेल, असा हिशेब करता येतो. याला उत्क्रांती-वस्तुमान म्हणता येईल. तिन्ही तराजूंनी एकच उत्तर दिले पाहिजे, अशी अपेक्षा होती.

झाकणाची धडधड

त्याआधी, हे तारे धडधडतात तरी का, ते पाहू. १७८४ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या तरुणाला वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा सेफी हा तारा पाच दिवस आणि सुमारे नऊ तासांच्या नियमित क्रमाने तेज बदलतो असे आढळले. गुडरिक कर्णबधिर होता आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी, १७८६ साली, त्याचे निधन झाले. त्याने शोधलेल्या ताऱ्यावरून या जातीच्या सर्व ताऱ्यांना सेफीड असे नाव पडले. ध्रुवतारा हा आपल्याला सर्वांत जवळचा सेफीड होय.

सेफीडचे पुढे फार मोठे काम झाले. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली दाखवून दिले की, ज्या सेफीडचा आवर्तनकाल मोठा, तो मुळात अधिक तेजस्वी. त्यामुळे ठेका मोजून खरे तेज आणि त्यावरून अंतर काढता येऊ लागले. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी १९२३ साली तिच्यात सापडलेल्या सेफीडच्या आधारेच सिद्ध केले. विश्वाची अंतरे मोजणाऱ्या शिडीची ही महत्त्वाची पायरी आहे. म्हणूनच या ताऱ्यांचे अंतरंग आपल्याला नीट कळले आहे की नाही, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

धडधडीचे कारण इंग्रज शास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी झडपेच्या उपमेने मांडले. पातेल्यात भात शिजत असताना झाकण वर उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली पडते आणि वाफ पुन्हा कोंडू लागते. ताऱ्यात असे झाकण कोणते, याचा उलगडा १९५० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ झेवाकिन यांच्या कामातून झाला. पृष्ठभागाखाली सुमारे ४० हजार अंश तापमानाला हेलियमचा एक थर असतो. तो दाबला गेला की हेलियमच्या अणूंतील उरलेला इलेक्ट्रॉनही सुटतो आणि थर अधिक अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता कोंडते, दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. फुगल्यावर तो निवतो, पारदर्शक होतो, उष्णता निसटते आणि थर पुन्हा खाली येतो. हे चक्र लाखो वर्षे चालू राहू शकते.

दोन तराजू, दोन उत्तरे

१९६० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या साह्याने ताऱ्यांची स्पंदने मोजता येऊ लागली आणि एक अडचण पुढे आली. सेफीडचे स्पंदनावरून काढलेले वस्तुमान उत्क्रांतीच्या गणितापेक्षा कमी येत होते. काही पद्धतींत हा फरक वीस ते चाळीस टक्के होता, तर काहींत स्पंदन-वस्तुमान जवळजवळ निम्मेच निघत होते. एकच वस्तू दोन काट्यांवर ठेवावी आणि एकाने पाच किलो, तर दुसऱ्याने तीन किलो दाखवावे, असा हा प्रकार होता. दुकानदार एखादा काटा बदलून मोकळा होईल, पण येथे दोन्ही काटे त्या काळच्या उत्तमोत्तम भौतिकशास्त्राने घडवलेले होते.

१९८२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन सायमन यांनी वेगळीच शंका उपस्थित केली. दोष ताऱ्यांच्या सिद्धांतात नसून अणूंच्या हिशेबात तर नसेल? ताऱ्यातील लोहासारखी जड मूलद्रव्ये प्रकाश किती अडवतात, याचे आकडे कमी धरले गेले असावेत, असे त्यांनी सुचवले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हे गणित नव्याने झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी निष्कर्ष आले. काही लाख अंश तापमानाला अपारदर्शकता पूर्वीच्या अंदाजाच्या दुप्पट-तिप्पट निघाली. ताऱ्यांच्या धडधडीवरून अणूंविषयीच्या गणितातली चूक सापडावी, ही विज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय घटना म्हणावी लागेल. बहुतेक तफावत त्यामुळे मिटली. तरीही दहा ते वीस टक्क्यांचा फरक उरलाच.

कोणता काटा खरा, हे ठरवायला पहिल्या, विश्वासार्ह तराजूवर एखादा सेफीड चढणे आवश्यक होते. तो २०१० साली चढला. पोलंडच्या ओगल या निरीक्षण प्रकल्पाने मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, एक जोडी शोधली होती. तिच्यातील एक तारा ३.८ दिवसांच्या आवर्तनकालाचा सेफीड असून दोन्ही तारे ३१० दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. फिरताना ते आपल्या दृष्टीने एकमेकांना ग्रहणही लावतात. अशा जोडीत वस्तुमानाची मोजणी फार नेमकी होते. गेगोश पिएत्शिन्स्की आणि सहकाऱ्यांनी या सेफीडचे वस्तुमान सूर्याच्या ४.१४ पट असल्याचे एक टक्का अचूकतेने ठरवले. ते स्पंदन-वस्तुमानाशी जुळले. म्हणजे ठेक्याचा तराजू खरा होता. सुधारणा हवी होती ती उत्क्रांतीच्या गणितात.

ती सुधारणा कोणती? एक शक्यता अशी की, ताऱ्याच्या गाभ्यात पदार्थाची घुसळण आपण समजतो त्याहून अधिक होते, त्यामुळे हलका ताराही अधिक तेजस्वी बनतो. ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे हेही एक कारण असू शकते. तिसरी शक्यता आपल्या विषयाच्या मुळाशी जाणारी आहे. तारा जन्मतः खरोखरच अधिक वजनदार असेल आणि मधल्या काळात त्याने काही वस्तुमान गमावले असेल तर?

वारा वाहतो आकाशी

सूर्यापासून कणांचा अखंड प्रवाह बाहेर पडतो, हा सिद्धांत अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडला. त्या प्रवाहाला त्यांनी सौरवारा हे नाव दिले. त्यांचा निबंध परीक्षकांनी नाकारला होता. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. निष्कर्ष त्यांनाही फारसे पटले नव्हते, पण गणितात चूक आढळेना. म्हणून त्यांनी तो छापला. काही वर्षांतच अंतराळयानांनी सौरवारा प्रत्यक्ष मोजला.

सूर्य या वाऱ्यातून दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक टन पदार्थ गमावतो. आकडा मोठा वाटतो, परंतु सूर्याच्या मानाने तो नगण्य आहे. एका पृथ्वीएवढे वस्तुमान या मार्गाने गमावण्यास सूर्याला सुमारे पंधरा कोटी वर्षे लागतात. आजवरच्या ४.६ अब्ज वर्षांच्या आयुष्यात सध्याच्या गतीने धरल्यास त्याने स्वतःचा दहा हजारांश भागही घालवलेला नाही.

सेफीडचे काय? गुडरिकच्या डेल्टा सेफीकडे अवरक्त किरण टिपणारी स्पिट्झर अंतराळ दुर्बीण वळवली, तेव्हा त्याच्यापुढे धनुष्यासारखी एक कमान दिसली. वेगाने जाणाऱ्या नावेपुढे पाणी दुभंगते, तशी ही कमान ताऱ्याचा वारा भोवतालच्या वायूवर आदळून तयार झालेली होती. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील व्हीएलए रेडिओ दुर्बिणीने ताऱ्याभोवती हायड्रोजन वायूचे वेष्टन पाहिले. हायड्रोजनचा हा संदेश २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर येतो. नारायणगावजवळ खोडद येथील आपली जीएमआरटी दुर्बीणही हीच तरंगलांबी टिपू शकते. २०१२ साली मांडलेल्या हिशेबानुसार डेल्टा सेफी दर दहा लाख वर्षांत सुमारे एका सूर्याएवढे वस्तुमान गमावत असावा. हा वेग सूर्याच्या कोट्यवधी पट आहे. सेफीड अवस्था काही लाख वर्षे टिकली, तरी पाचेक सूर्यांच्या वजनाच्या ताऱ्याला ही झीज दखल घेण्याजोगी ठरते.

परंतु येथे सावधगिरी हवी. सर्वच सेफीडांभोवती असा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही आणि ध्रुवताऱ्याने तर शास्त्रज्ञांना चांगलेच गोंधळात टाकले आहे. त्याचा आवर्तनकाल दीडशेहून अधिक वर्षे, दर वर्षाला साधारण साडेचार सेकंद या गतीने वाढत होता. ही वाढ अपेक्षेपेक्षा जलद असल्याने ध्रुवही मोठ्या प्रमाणावर वस्तुमान गमावत असावा, असा तर्क २०१२ साली मांडला गेला. त्यानंतर लक्षात आले की, २०१० च्या सुमारास ही वाढ थांबून आवर्तनकाल उलट घटू लागला आहे. तर्काचा एक आधार त्यामुळे डळमळीत झाला.

दरम्यान ध्रुवाचे वजन मात्र झाले. त्याला अगदी जवळ एक मंद जोडीदार आहे आणि हबल दुर्बिणीने त्याचे छायाचित्र प्रथम घेतले. ते २००६ साली प्रसिद्ध झाले. हा जोडीदार सुमारे तीस वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरील सहा दुर्बिणींच्या चारा या संचाने त्याचा माग काढला. २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार ध्रुवाचे वस्तुमान सूर्याच्या ५.१३ पट आणि व्यास सूर्याच्या ४६ पट आहे. या वजनाच्या ताऱ्याने द्यावे त्याहून अधिक तेज तो देतो, हेही याच मोजणीत दिसले. म्हणजे सेफीडांच्या वजनाचा जुना वाद आपल्या डोक्यावरच्या ध्रुवाच्या रूपाने अजून शिल्लक आहे.

अद्‌भुत मायरा

सेफीडांच्या वाऱ्याबद्दल शंकेला जागा आहे. पण स्पंदनशील ताऱ्यांच्या दुसऱ्या एका जातीबाबत ती मुळीच नाही. १५९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फॅब्रिशियस या जर्मन धर्मगुरूला तिमिंगल तारकासमूहात एक तारा दिसला. काही आठवड्यांनी तो नाहीसा झाला. १६०९ साली त्याने तो पुन्हा पाहिला. सुमारे अकरा महिन्यांनी तो नियमाने उजळतो, हे पुढे डच निरीक्षक होल्वार्डा याच्या ध्यानात आले. योहान्नेस हेवेलियस याने त्याला मायरा, म्हणजे अद्‌भुत, असे नाव दिले. सरासरी ३३२ दिवसांच्या चक्रात मायराचे तेज शेकडो पटींनी बदलते. ऐन भरात तो नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो आणि ओसरला की दुर्बिणीशिवाय सापडत नाही.

मायराचे वस्तुमान सूर्याएवढे किंवा किंचित अधिक आहे, परंतु व्यास सूर्याच्या तीनशे पटींहून अधिक. सूर्याच्या जागी तो ठेवला, तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. एवढ्या विस्तारामुळे त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण सूर्याच्या मानाने जेमतेम एक लक्षांश उरते. अशा सैल पकडीच्या ताऱ्यात स्पंदने सुरू झाली की काय होते? प्रत्येक फुगवट्याबरोबर आघात-तरंग उठतात आणि वायूला उंच फेकतात. नव्याने उसळलेला थर खाली येणाऱ्या जुन्या थरावर आदळतो. वातावरण अशा रीतीने दूरवर पसरत जाते.

तरीही केवळ या उसळीने वायू ताऱ्याच्या तावडीतून सुटत नाही. पुढचे काम धुलिकण करतात. मायराचा पृष्ठभाग सुमारे तीन हजार अंश तापमानाचा, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने थंड. उसळून वर गेलेला वायू आणखी निवतो आणि दीड हजार अंशांच्या खाली त्यात घन कण जमू लागतात. कार्बनयुक्त ताऱ्यांभोवती हे कण काजळीसारखे असतात, तर ऑक्सिजनयुक्त ताऱ्यांभोवती वाळूच्या जातीचे. ताऱ्याचा प्रखर प्रकाश या कणांना बाहेर ढकलतो आणि ते जाताना भोवतालच्या वायूला सोबत ओढून नेतात. असा वारा साधारण सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने वाहतो. चारशे किलोमीटर वेगाच्या सौरवाऱ्यापुढे तो मंद झुळूक वाटेल, पण त्याने वाहून नेलेला माल कोट्यवधी पटींनी अधिक असतो.

या चित्रात एक अडचण होती. वाळूच्या जातीचे कण बऱ्याच अंशी पारदर्शक असतात. प्रकाश शोषलाच गेला नाही, तर तो त्यांना ढकलणार कसा? कण पुरेसे मोठे असतील, तर प्रकाश शोषून नव्हे, तर विखरून त्यांना धक्का मिळेल, असे उत्तर २००८ साली सुझान हॉफनर यांनी सुचवले. २०१२ साली अशा काही ताऱ्यांच्या अगदी निकट सुमारे ०.३ मायक्रॉन त्रिज्येचे कण प्रत्यक्ष आढळले. ते या कल्पनेला पोषक ठरले. प्रत्येक ताऱ्याच्या वाऱ्याला हेच स्पष्टीकरण पुरते का, याची छाननी अजून चालू आहे.

मायराच्या वाऱ्याचा सर्वांत नेत्रदीपक पुरावा २००७ साली मिळाला. अतिनील प्रकाशात आकाश टिपणाऱ्या गॅलेक्स या उपग्रहाने मायराच्या मागे चक्क धूमकेतूसारखे शेपूट पाहिले. त्याची लांबी १३ प्रकाशवर्षे. आकाशात ते चार पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढे पसरलेले आहे, पण दृश्य प्रकाशात दिसत नसल्याने चारशे वर्षे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मायरा सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने आंतरतारकीय वायूतून जात आहे आणि त्याने टाकलेला पदार्थ मागे राहत आहे. शेपटाच्या टोकाशी असलेला पदार्थ सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला आहे. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने मायरा दर दहा वर्षांत एका पृथ्वीएवढे वस्तुमान उधळतो. सूर्याला त्यासाठी पंधरा कोटी वर्षे लागतात, हे आपण वर पाहिलेच.

कृत्तिकांमधील साक्षीदार

ही उधळण ताऱ्याच्या आयुष्यात किती निर्णायक ठरते, याचा दाखला कृत्तिका नक्षत्रात मिळतो. कृत्तिकांचा तारकागुच्छ सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी एकाच वेळी जन्मला. वजनदार तारे इंधन लवकर संपवतात. त्यामुळे आज कृत्तिकांमध्ये सूर्याच्या पाच पट वस्तुमानाचे तारे अजून जिवंत आहेत, आणि जे मेले ते याहून जड असले पाहिजेत. या गुच्छात एक श्वेत बटू, म्हणजे मृत ताऱ्याचा उरलेला गाभा, सापडला आहे. त्याचे वस्तुमान जेमतेम सूर्याएवढे. म्हणजे हा तारा जन्मतः सूर्याच्या सुमारे सहापट होता आणि पाच सूर्यांएवढा ऐवज तो कोठेतरी टाकून आला. तो स्फोटात गेला नाही, कारण तसे असते तर श्वेत बटू उरला नसता. तो वाऱ्यावर गेला.

येथे चंद्रशेखर पुन्हा भेटतात. सूर्याच्या १.४ पटींहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू टिकूच शकत नाही, हे त्यांनी १९३० साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आगेमागे, इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर मांडलेल्या गणितातून पुढे आले. सूर्याच्या दीडपटीपासून आठपटीपर्यंतच्या ताऱ्यांनी आपले वजन जसेच्या तसे जपले असते, तर ही मर्यादा त्यांच्या मुळावर आली असती. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य तारे वारा सोडून मर्यादेच्या आत येतात आणि शांतपणे विझतात. अखेरच्या टप्प्यात वाऱ्याचा जोर इतका वाढतो की, गाभ्यातील अणुभट्टी जेवढा पदार्थ जाळते, त्याहून अधिक पदार्थ बाहेर वाहून जातो. अशा ताऱ्याचे मरण इंधन संपल्याने नव्हे, तर अंगावरचे वस्त्र उडून गेल्याने ओढवते. उडालेला वायू उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या प्रकाशात उजळतो आणि स्वरमंडळातील कंकण अभ्रिकेसारखी सुंदर ग्रहीय अभ्रिका दिसू लागते.

याहून जड ताऱ्यांचा वारा अधिक लहरी असू शकतो. आर्द्रा नक्षत्राचा तांबडा तारा सुमारे चारशे दिवसांच्या लयीत धडधडतो. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी इतका मंदावला की, तो फुटणार अशी चर्चा जगभर रंगली. तो फुटला नाही. त्याने पृष्ठभागाचा एक मोठा तुकडा बाहेर फेकला आणि निवलेल्या वायूतून बनलेल्या धुळीने त्याचा चेहरा काही काळ झाकला, असा उलगडा नंतर झाला.

सूर्याचे आणि आपले

आपला सूर्यही एक दिवस मायराच्या वाटेने जाणार आहे. सुमारे ७.६ अब्ज वर्षांनी तो पहिल्यांदा राक्षसी आकाराला पोहोचेल, तेव्हा तोवरच्या वाऱ्याने त्याचे जवळजवळ एक तृतीयांश वस्तुमान गेलेले असेल. पकड सैल झाल्याने पृथ्वी दूर सरकेल आणि कदाचित वाचेल, अशी आशा पूर्वी व्यक्त होत असे. २००८ साली क्लाउस-पीटर श्रोडर आणि रॉबर्ट स्मिथ यांनी केलेल्या गणिताने ती मावळली. फुगलेल्या सूर्यावर पृथ्वी जी भरती उठवेल, तिच्या ओढीनेच पृथ्वी आत खेचली जाईल आणि गिळली जाईल, असे ते गणित सांगते. वारा थोडा अधिक जोराचा निघाला, तर निकाल वेगळा लागू शकतो. म्हणजे आपल्या ग्रहाचा शेवट सूर्य किती उधळा निघतो यावरही अवलंबून आहे. शेवटी उरणाऱ्या श्वेत बटूचे वस्तुमान आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोडे अधिक असेल.

पण या उधळणीची दुसरी बाजूही आहे. १९५२ साली पॉल मेरिल यांना अशाच काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम हे मूलद्रव्य दिसले. त्याचा एकही अणुप्रकार टिकाऊ नाही. सर्वांत दीर्घायुषी प्रकारही काही दशलक्ष वर्षांत निम्मा होतो. म्हणजे ते जुने असणे शक्य नव्हते, त्या ताऱ्यांनीच ते अलीकडे घडवले होते. तारे मूलद्रव्ये तयार करतात याचा तो थेट पुरावा होता. कार्बन, नायट्रोजन आणि अनेक जड मूलद्रव्ये अशा ताऱ्यांच्या पोटात तयार होतात आणि त्यांच्या वाऱ्याबरोबर अवकाशात पसरतात. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे १९६९ साली पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण सापडले. ते सूर्यमालेहून जुने असून त्यांतील बहुतेक मायराच्या जातीच्या ताऱ्यांच्या वाऱ्यातून आलेले आहेत. आपल्या शरीरातील कार्बनचा मोठा वाटाही कधीकाळी असाच कोणत्या तरी ताऱ्याने टाकून दिलेला आहे.

या संशोधनात हौशी निरीक्षकांचा वाटा मोलाचा आहे. मायरासारख्या ताऱ्याच्या पुढच्या स्पंदनासाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागते आणि मोठ्या दुर्बिणींना तेवढी सवड नसते. १९११ साली स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना जगभरच्या नोंदी आजही गोळा करते. अविभाजित बंगालमधील जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्याकडे हजारो निरीक्षणे पाठवली होती.

हिवाळ्याच्या आरंभी संध्याकाळी आकाशात कृत्तिका आणि रोहिणीच्या नैऋत्येस तिमिंगलाचा विस्तीर्ण, मंद ताऱ्यांचा समूह असतो. मायराचा भर त्या काळात आला, तर शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यावर तो नुसत्या डोळ्यांनी सापडेल. नकाशात दाखवलेल्या जागी काहीच दिसले नाही, तर निरीक्षण वाया गेले असे समजू नये. तारीख आणि वेळ लिहून ठेवावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे. फॅब्रिशियसने १५९६ साली नेमकी अशीच सुरुवात केली होती.